मृदाशास्त्र विभागाची खुर्ची कोणाकडे

मी, एपेली नावुकेरे, वय चौसष्ट, राहणार सुवा, विद्यापीठातील मृदाशास्त्र विभागाचा प्रमुख, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. हृदय थकले आहे, पण डोके अजून तीन समित्या सांभाळते. शुद्धीचा आणखी पुरावा काय द्यावा?

१. घर आणि शिल्लक मुलगी मेरे हिला. अळकुड्यांचा मळा तिने स्वतः करावा.

२. माझी कुदळ प्रयोगशाळेस. ती घेऊन मी याच आवारात माळी म्हणून लागलो. पुढे पदव्या मिळाल्या, कान मात्र माळ्याचेच राहिले. खिडकीखाली वाफे करताना जेवढे कळते, तेवढे बैठकीत कळत नाही.

३. डीनसाहेबांना क्षमा, पूर्ण नाही. वरून ते ओरडतात, खालून सहकारी. मधे बसून दोघांनाही ‘हा आपलाच माणूस’ वाटायला लावणे म्हणजे विभागप्रमुखी. त्यांना ती हुकूम पोचवण्याची नोकरी वाटते.

४. खुर्ची मृत्युपत्राने देता येत नाही, हे मी जाणतो. परंतु शुक्रवारपर्यंत विभागाने एकमताने नवा प्रमुख सुचवला नाही, तर विभाग भूगोलात विलीन होणार आहे. ज्येष्ठ असे दोघेच: डॉ. लोसालिनी आणि डॉ. सतेंद्र. प्रयोगशाळेतल्या एका खोलीवरून त्यांनी बोलणे टाकले आहे. बैठकीला एक आला की दुसरा रजेवर. म्हणून दोघांच्या नावे मी काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि सहीच्या वेळी दोन्ही साक्षीदार एकत्र हजर लागतात. कायद्यातली एवढी एकच गोष्ट मला मनापासून आवडते.

५. हे कलम दोघे समोर बसलेले असताना लिहीत आहे. मेरेने यांगोना, म्हणजे मुळे कुटून केलेले आमचे सुस्तावणारे पेय, काठोकाठ कालवून ठेवले आहे. लाकडी कुंड रिकामे होईतो उठायचे नाही, हा इथला रिवाज दोघेही मोडणार नाहीत.

“सर, ही शुद्ध लबाडी आहे,” लोसालिनी म्हणाली.

“याला प्रशासन म्हणतात, बाई.”

सतेंद्रने करवंटी रिकामी केली. “हिलाच करा प्रमुख. वेळापत्रक लावताना देव आठवेल.”

“आणि खोली?” तिने विचारले.

“माझी.”

“अर्धी.”

“बरं, अर्धी. खिडकीकडची.”

“ती मला. तू भट्टीशेजारी बस, नाहीतर जा भूगोलवाल्यांचे नकाशे रंगवायला!”

सतेंद्रला हसू आवरेना. “मेरे, भर गं आणखी एक.”

नावावर एकमत झाले, असे मी येथे नोंदवतो.

वरील मजकूर वाचून, एकमेकांच्या डोळ्यांदेखत सह्या केल्या:

एपेली नावुकेरे

साक्षीदार:
१. डॉ. लोसालिनी तुईवागा, नियोजित विभागप्रमुख
२. डॉ. सतेंद्र गोसाईं (खिडकीचं अजून ठरलेलं नाही)

सुवा, मंगळवार, १४ मे २०१९