आजी, चला

३ सप्टेंबर, मंगळवार

धाकट्या डॉक्टर मॅडमनी आज सगळ्यांना दुपारच्या चहाला थांबवून घेतलं. दवाखान्यात येऊन महिना नाही झाला, आणि लगेच नियम! सुई टोचण्याआधी, गोळी देण्याआधी, रक्त घेण्याआधी प्रत्येकाला पूर्ण नाव आणि जन्मसाल विचारायचं. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. नळीवर नाव रक्त घेतल्यावरच लिहायचं, माणसासमोर. आधी लिहून ट्रे मांडून ठेवायचा नाही.

मी म्हटलं, "मॅडम, हा दवाखाना आहे की चौकी? अर्धी माणसं माझ्या हातच्या सुया खाऊन म्हातारी झालीत. माझ्यासाठी ती आजी, काका, मावशी. उद्या जन्मसाल विचारलं तर म्हणतील, सिस्टरला चळ लागला!"

सगळे हसले. मोठे डॉक्टर तर चष्मा काढून हसले. "आमच्या सिस्टर नुसत्या बोलल्या तरी पेशंटची साखर वाढते," म्हणाले. मॅडमचं तोंड एवढंसं झालं. "करून तर बघू या," इतकंच बोलल्या.

खरं सांगू? मजा आली.

५ सप्टेंबर, गुरुवार

मॅडमनी भिंतीवर कागद चिकटवला — 'नाव, जन्मसाल, मगच सुई.' मी त्यावर कॅलेंडर लटकवलं. खिळा नेमका तिथेच होता, मी काय करू!

९ सप्टेंबर, सोमवार

आज पिशवीवाल्या आजींनी फुकटची करमणूक केली. (कापडी पिशवी कायम पोटाशी धरून बसतात, म्हणून पिशवीवाल्या. प्रेशर मोजायला येतात त्या काठीवाल्या आजी वेगळ्या. ही नावं माझीच, आता सगळा दवाखाना वापरतो.) त्यांचं साखरेसाठी रक्त घ्यायचं होतं. सोमवारची गर्दी, मान वर करायला फुरसत नाही. नळीवर नाव लिहून तयार होतंच. दारातूनच हाक मारली, "आजी, चला!" टोचलं, कापूस लावला, "झालं हो आजी, घरी जा," म्हटलं आणि पुढच्याला घेतलं.

बऱ्याच वेळानं बाहेर येऊन बघते, तर पिशवीवाल्या आजी खिडकीपाशी बसलेल्याच! डोळे चोळत म्हणतात कशा, "अगं, माझं रक्त कधी घेणार? उपाशी आलेय मी."

"आजी, घेतलं की!"

"नाही गं."

"घेतलं हो. विसरलात तुम्ही."

त्यांनी बाही वर केली. "मग कापूस कुठाय?"

"पडला असेल कुठेतरी."

बाकावरचे सगळे हसायला लागले. एक काका म्हणाले, "आजी, रक्त फार झालंय का? आम्हाला द्या!" मग आजीही हसल्या. थोडा वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसल्या आणि पिशवी उचलून गेल्या.

जेवताना ह्यांना सांगितलं. हसून हसून ह्यांना ठसका लागला. लेक मात्र म्हणाली, "हसता काय दोघं! घाबरल्या असतील त्या." दीडशहाणी आहे नुसती.

११ सप्टेंबर, बुधवार

पिशवीवाल्या आजींचा रिपोर्ट आला. साखर भलतीच वाढलेली. मोठ्या डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली. आजींच्या मुलाचा फोन आला होता. "आई म्हणते, मी गोडाला शिवत नाही. आणि रक्तही दिलं नाही म्हणते! सिस्टर, हे डोक्याचं काही असेल का हो?" मी म्हटलं, "वय झालं की व्हायचंच. सांभाळून घ्या." साखरेचा डबा त्यांनी कपाटात कुलपात ठेवलाय म्हणे.

१६ सप्टेंबर, सोमवार

आज लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

सकाळी कळलं — पिशवीवाल्या आजी परवा स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. कपाळाला टाके. मोठ्या हॉस्पिटलात आहेत. साखर वाढली नव्हती, पार तळाला गेली होती! मोठे डॉक्टर कोड्यात पडले. "चुकून जास्त गोळ्या घेतल्या असतील. विसरतात ना त्या." मीही मान हलवली.

मग काठीवाल्या आजी आल्या. खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "गेल्या सोमवारी प्रेशर मोजलंच नाहीस. रक्त काढून घरी पाठवलंस." मी पट्टा बांधायला बाही वर सारली. कोपराच्या आत डाग. पिवळा, कडेला हिरवट. सुईचा.

माझ्या सुईचा.

या आजींचं रक्त काढायला कुणीच सांगितलं नव्हतं.

प्रेशर काय मोजलं, ते आठवत नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

कुणाला काही बोलले नाही. मॅडम दोनदा समोर आल्या. मी एकदा कपाट आवरलं, एकदा आवरलेलं पुन्हा आवरलं. ह्यांनी विचारलं, बरं नाही का? डोकं दुखतंय म्हटलं.

लाज वाटते. चूक झाली याची वाटतेच, पण ती सुई तरी घाईत टोचली. "विसरलात तुम्ही" हे मी अगदी निवांत म्हटलं होतं. वर चारचौघांत हसले.

तिकडे हॉस्पिटलात त्यांना अजून कसल्या गोळ्या देतायत कोण जाणे. आणि मी कपाट आवरतेय!

१८ सप्टेंबर, बुधवार

सांगितलं. धाकट्या मॅडमना. दार लावून घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं. वाटलं होतं, निदान 'मी म्हटलं नव्हतं?' एवढं तरी म्हणतील. म्हणायला हवं होतं. मी त्यांच्या जागी असते तर गावभर केलं असतं.

त्यांनी आधी फोन उचलला. हॉस्पिटलला कळवलं — तो रिपोर्ट या बाईंचा नाही, वाढवलेली गोळी बंद करा. मग मला म्हणाल्या, "मग ती वाढलेली साखर कुणाची? काठीवाल्या आजींची ना? त्यांना तर कुणी काहीच देत नाहीये. आजच बोलवा." हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दोन दिवस मी फक्त माझाच विचार करत होते.

मोठे डॉक्टर म्हणाले, "आता बंद केलीय ना गोळी, मग घरच्यांना कशाला सांगायचं? उगाच दवाखान्याचं नाव..." मॅडम म्हणाल्या, "सर, त्या माऊलीला घरात वेडी ठरवलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चला. मी येते बरोबर."

हॉस्पिटलात मुलगा आणि सून दोघंही होती. बोलायचं मीच होतं. बोलले. मुलाचा आवाज चढला, "आई मेली असती म्हणजे?" सूनबाई खाली बघत होती.

आजी पलंगावर उठून बसल्या. कपाळाला पट्टी. मला वाटलं, आता शिव्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी विसरले नव्हते?"

"नाही आजी."

"माझं रक्त घेतलंच नव्हतं?"

"नाही."

त्या मुलाकडे वळल्या. "ऐकलंस? कापूस नव्हताच!" आणि रडायला लागल्या. पडल्या तेव्हाही रडल्या नव्हत्या म्हणे. मुलगा खिडकीशी जाऊन उभा राहिला.

परतीच्या वाटेवरही मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

कॅलेंडर काढलं. खालचा कागद जरा चुरगळलाय, पण वाचता येतो. काठीवाल्या आजींची साखर खरंच वाढलेली निघाली. कालपासून गोळी सुरू.

कालपासून मी सगळ्यांना विचारते. पूर्ण नाव? जन्मसाल? आमच्या खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अगं, सकाळी जिन्यात भेटलो की आपण! का, पोलिसात लागलीस?" बाकावर हशा. मी पुन्हा विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि गंमत म्हणजे इतकी वर्षं मला त्यांचं पूर्ण नाव ठाऊकच नव्हतं.

दर वेळी विचारताना कानशिलं तापतात.

२३ सप्टेंबर, सोमवार

काठीवाल्या आजी रक्त द्यायला आल्या होत्या. नाव विचारलं. जन्मसाल विचारलं. मग राहवलं नाही. "त्या दिवशी तुम्ही उठलात कशा? मी दुसऱ्या आजींना बोलावलं होतं."

"ठाऊक होतं की," म्हणाल्या. "ती मला आधीच सांगत होती, साखरेसाठी रक्त द्यायचंय म्हणून. मग पेंगायला लागली बिचारी."

"मग?"

"तू दारातून म्हणालीस ना, आजी, चला. मला घरीदारी कुणी आजी म्हणणारं नाही गं. इतकं गोड म्हणालीस! म्हटलं, आपल्यालाच असेल."

माझ्या मनात पहिलं काय आलं? माया नाही, दया नाही. सुटले! असं आलं. म्हणजे चूक माझी एकटीची नव्हती! धावत जाऊन मॅडमना सांगावं, असंही क्षणभर वाटलं. शी! सांगणार नाही. कुणालाच नाही.

त्या हात पुढे करून बसल्या होत्या. टोचलं, कापूस लावला, नळीवर त्यांच्यासमोर नाव लिहिलं. मग नेहमीसारखं म्हणायला गेले — "झालं हो..."

पुढचा शब्द निघेना. त्या वाट बघत होत्या.