शेवटचा फर्मा

५ जून १९८६, गुरुवार
नाव घातलं. वाचनालयाची पावसाळी वाचन स्पर्धा. नारळी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारपर्यंत जो जास्त पुस्तकं वाचील तो पहिला. दर रविवारी सकाळी ग्रंथपाल बर्वेकाकांपुढे बसून पुस्तक पाच मिनिटांत सांगायचं, ते दोन प्रश्न विचारणार, पटलं तर कार्डावर शिक्का. तीन वर्षं केळकर मास्तर पहिले येताहेत. निवृत्त माणूस, ना ऑफिस ना स्वयंपाक. यादीत माझं नाव बघून म्हणाले, "अरे वा, सुमनताई! भाग घेणं हेही महत्त्वाचं असतं हो." त्या 'हेही'वर घरी पोचेपर्यंत धुमसत होते.
तीस वाचीन. इथे लिहून ठेवते, म्हणजे माघार नको.

८ जून, रवि.
पु. २. दोन्हीवर शिक्के. के. मा. ३. ठीक आहे. सुरुवात आहे.

१२ जून
सासूबाईंनी खोडा घातला. होड्या वर ओढल्यात, बाजारात ताजी मासळी नाही. तीस वर्षं मासळीची पाटी घेऊन बसलेली बाई, घरात बसवत नाही तिला. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले तर समोर येऊन उभ्या. "काय गो, एकटीच हसतंस? मनातल्या मनात वाचणं म्हंजे चोरून खाणं. आमाला पण ऐकव."
ऐकवलं. एक प्रकरण, एक तास. मनात वाचलं असतं तर तीन झाली असती. उद्या सांगेन स्पष्ट, की आई, ही स्पर्धा आहे.

१३ जून
नाही सांगितलं. आधीच पाट मांडून बसल्या होत्या.

२० जून
मो. वा. (मोठ्याने वाचन) रोज. पु. ४, के. मा. ७. आज शहाणपणा केला, मधली चार पानं गाळली. लगेच, "थांब. तो धाकटा भाऊ कुठं ग्येला? आत्ता तर जेवाय बसला व्हता." परत मागे जाऊन भावाला जेवू घातलं.
अक्षर येत नाही या बाईला, पण कुठल्या पुस्तकात कोणाची मुलगी कोणाला दिली ते सगळं तोंडपाठ. मी मात्र परवाच्या नायकाचं नाव विसरले.

२२ जून, रवि.
आज बर्वेकाकांनी खोचक प्रश्न विचारला. वकिलाने खटला का सोडला? मला आठवेना. मग आठवलं ते आई त्या वकिलावर केवढ्या ओरडल्या होत्या ते. "बायकोच्या भावाला भ्यायला मेला!" तेच जरा धुऊन-पुसून सांगितलं. शिक्का.

२९ जून, रवि.
मोठा शोध. आज म्हणाल्या, "तू वाच, भाकऱ्या मी थापतंय." लग्नाला सात वर्षं झाली, हे वाक्य प्रथमच ऐकलं. चुलीपाशी त्या, उंबऱ्यात मी. भाकरी, आमटी, भांडी, दोन प्रकरणं.
पु. ९, के. मा. ११. फरक दोनाचा. मास्तर आज 'भाग घेणं' वगैरे काही बोलले नाहीत.

९ जुलै
यांचं पत्र आलं. जहाज एडनला. 'तुम्ही दोघी भांडत नाही ना?' भांडायला वेळ कुठाय.

२७ जुलै, रवि.
पु. १९, के. मा. २१. मास्तर बारकी बारकी पुस्तकं उचलताहेत, मी पाहिलं. नव्वद पानांची. मीही उचलली तीन. लाज कसली.

३ ऑगस्ट, रवि.
पु. २२, के. मा. २४. आज आईंनी सांगून ठेवलं होतं, "जाडा आण. बारक्यात माणसं भेटाय लागली की संपतंय." म्हणून हिरव्या बांधणीची एक जुनी कादंबरी घेतली. स्पर्धेच्या शेवटी जाडं पुस्तक घेणं हा शुद्ध मूर्खपणा. पण आणलं.
बंदरावर खानावळ चालवणारी इंदू. लग्न ठरलेला माणूस जहाजावर गेला तो अकरा वर्षं पत्ता नाही. आई आज वाचताना मध्ये बोलल्या नाहीत. एकदाही नाही.

७ ऑगस्ट, गुरु.
आजचं लिहायचंच आहे.
संध्याकाळी कादंबरी संपत आली. पंगत बसलीय, दारावर थाप पडते. पान २७२. 'इंदूने हातातला डाव खाली ठेवला, दाराची कडी काढली आणि'
पुढे पुठ्ठा. बांधणाऱ्याने शेवटचा फर्माच घातलेला नाही. सोळा पानं गायब.
आईंचे हात परातीत तसेच थांबलेले. "आनी? आनी काय?"
मी पुठ्ठ्याकडे बघितलं आणि वाचत राहिले. देवाशपथ, कसं सुचलं माहीत नाही. दारात तोच उभा. केस पिकलेले, हातात पत्र्याची पेटी. इंदू त्याच्याकडे बघते, आत बारा माणसं पानावर बसलीत त्यांच्याकडे बघते, आणि म्हणते, "आलात? पंगत उठेपर्यंत ओट्यावर बसा. मग बोलू." आणि आत जाऊन भात वाढते. मग ती काय काय बोलते, तो काय सांगतो, सगळं. वीसेक मिनिटं वाचत होते मी. मध्ये पान उलटल्यासारखं सुद्धा केलं.
आईंनी पदर डोळ्यांना लावला. "बरोबर केलान. अकरा वर्सं हिनं वाट बगितलान, त्याला घटकाभर ओट्यावर बसू दे."
सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. खरं सांगू? इतकं छान आजवर कधी वाटलं नव्हतं.

१० ऑगस्ट, रवि.
हिरवं पुस्तक सांगितलं नाही. अर्धं वाचलेलं मोजायचं नाही, आणि रचलेलं तर नाहीच. बर्वेकाकांनी परत घेताना विचारलं, "शेवटचा फर्मा नाही, कळलं ना? वीस वर्षं जीव टांगणीला लागलाय माझा." मी मान हलवली.
पु. २५, के. मा. २७. एक आठवडा.

१५ ऑगस्ट
चार झाली. चारही मो. वा. ऑफिसला सुट्टी, सकाळपासून वाचत होते. चौथ्याच्या शेवटी आवाज फाटला, आणि संध्याकाळी गेला तो गेलाच. आईंनी ओवा-हळदीचा काढा दिला, मीठ-पाण्याच्या गुळण्या करवल्या. तोंडातून फक्त हवा येतेय. रविवारी सांगणार कशी? रडले. आवाज नसताना रडणं फार विचित्र असतं.

१६ ऑगस्ट
आई: "मी सांगतंय."
मी उत्तर द्यायला पाटीवर खडूने लिहायला गेले, मग आठवलं, आईंना वाचता कुठे येतं.

१७ ऑगस्ट, रवि.
सगळं नीट लिहिते. हा दिवस विसरायचा नाही.
वाचनालयात पंचवीस-तीस माणसं. के. मा. दोन सांगून मोकळे झाले, एकूण २९. माझी पाळी आल्यावर आई खुर्चीत जाऊन बसल्या, नवं लुगडं, केसात अबोली. मास्तर उभे राहिले. "हे कसं चालेल? स्पर्धकाने स्वतः सांगायला हवं."
भिंतीवर नियमांचा कागद आहे. दिवसभर मी ऑफिसात 'पाठविण्यात यावे, कळविण्यात यावे' टाइप करते, ते आज कामी आलं. नियम चार खाली बोट ठेवलं. 'पुस्तकाचा आशय पाच मिनिटांत सांगण्यात यावा.' कोणी सांगावा ते लिहिलेलंच नाही! बर्वेकाकांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. "सांगण्यात यावा म्हटलंय खरं. सांगा, बाई."
आणि आई सुटल्या. बाजारात गिऱ्हाइकाने लांबून ओळखावा असा आवाज तो. पहिल्या पुस्तकाला लोक हसले. दुसऱ्याला मागची माणसं पुढे आली. तिसऱ्या वेळी बर्वेकाका प्रश्न विचारायचेच विसरले. चारही शिक्के. पु. २९. बरोबरी!
मी हात जोडले, पुरे अशी खूण केली. आई म्हणाल्या, "आजून एक ऱ्हायलाय. इंदूचा."
 मी त्यांचा पदर ओढला, डोळे मोठे केले, तोंडातून हवा. आईंना वाटलं मी दमलेय. सुरू झाल्या. थाप पडली, कडी काढली, आणि तो दारात, पेटी घेऊन. बर्वेकाका खुर्चीच्या टोकावर. "मग? मग पुढे काय झालं?"
"म्हनाली, पंगत उठंपर्यंत ओट्यावर बसा."
टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. तेवढ्यात मास्तर ताडकन उठले. "थापा आहेत! त्या पुस्तकाला शेवटच नाही. मी तीन वर्षांमागे वाचलंय!"
आईंनी वळून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. नंतर वर केली आणि होय म्हणून हलवली. बर्वेकाकांच्या पॅडवर लिहिलं, 'शेवटचा भाग मी रचला. मोजू नका.'
ते वाचून बर्वेकाका मास्तरांकडे बघून हळूच म्हणाले, "मास्तर, तीन वर्षांमागे याच पुस्तकावर शिक्का दिलाय मी तुम्हाला. तेव्हा तुम्ही शेवट सांगितला होतात. दुसरीकडे पूर्ण प्रत मिळाली म्हणालात. इंदूने विहिरीत उडी घेतली म्हणून. शिक्का दिला, पण मनाला काही पटलं नव्हतं."
 मास्तरांचे कान लाल.
आई उठल्या. "तुमी तिला विहिरीत ढकललात?"
"अहो, तसं नाही, कथेच्या ओघात..."
"बारा मानसं पानावर बसल्येली, आन् तुमी तिला विहिरीत ढकललात? त्यांना जेवाय कोन वाढनार व्हता? तुमी?"
हसून हसून लोक वाकले. मास्तर आधी तांबडे, मग तेही हसायला लागले. शेवटी खाली बसून म्हणाले, "बर्वे, माझ्या शेवटावर शिक्का दिलात तर यांच्यावरही द्या. यांची इंदू जिवंत तरी आहे."
शिक्का. पु. ३०.
 घरी येऊन आईंनी पाय धुतले, चहा ठेवला, मग पाठमोऱ्या म्हणाल्या, "मला फसवलंस." चहात साखर घातली, ढवळली. "पन इंदूला नाय फसवलंस गो." मग मात्र मी त्यांच्या पाठीला डोकं टेकून रडले. त्यांच्यापाशी सात वर्षांत प्रथम.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
पहिली! सुमन पहिली, केळकर दुसरे. आईंनी नारळ सोडायला जाताना वाटेत भेटेल त्याला सांगितलं, "आमी दोघी पयल्या आलो." दोघी. हे वहीत अधोरेखित करते.
मास्तरांनी अभिनंदन केलं आणि लगेच वर, "पण खरा शेवट बघायला हवा. माझ्या भाच्याला पुण्याला लिहिलंय. पूर्ण प्रत पाठवील." हरले तरी आशा सुटत नाही. मी असते तर मीही हेच केलं असतं.

२९ ऑगस्ट
आवाज आला. प्रतही आली. बर्वेकाकांच्या टेबलावर आहे, पुडकं सोडलेलं नाही. रविवारी सगळ्यांसमोर वाचणार. मास्तर सकाळ-संध्याकाळ येऊन पुडक्याकडे बघून जातात म्हणे. मीही गेले होते, दोनदा.
भीती वाटते. लिहिणाऱ्याने मारली असेल तिला तर? किंवा माझ्यापेक्षा चांगलं काही केलं असेल तर? दुसरी भीती जास्त आहे, हे खरं.
आई पाटी घेऊन बाजारात बसायला लागल्या. त्यांना विचारलं. म्हणाल्या, "त्यानं काय पन लिवलान असंल. मी येनार ऐकायला. आवाडला नाय तर सांगनार."
आज ऑफिस सुटल्यावर मशीनला कोरा कागद लावला. बर्वेकाकांना म्हटलंय, पुण्याचा फर्मा काही का असेना, माझी सोळा पानं टाइप करून देते, हिरव्या पुस्तकाला ती बांधा. बघू म्हणाले. नाही म्हणाले नाहीत.
'आणि'च्या पुढचं पहिलं वाक्य. तीनदा कागद बदलला. चौथ्याला जमलं.