सहाशेंमधल्या चाळीस बॅटऱ्या

११ मार्च, शेन्झेन

झालं! अमेरिकेत आमच्या तीन फोनांच्या बॅटऱ्या फुगल्या, एका बाईची उशी जळाली. तिथल्या नेटवर्क कंपनीने आमचा फोन दुकानांतून उतरवला. शनिवारपर्यंत पुरावा द्या म्हणे — प्रमाणपत्र मिळालं तेव्हाची बॅटरी आणि आत्ताची एकच आहे. नाही दिला तर ऑर्डर रद्द. आमचे चारशे कामगार घरी.

क्वांग साहेब माझ्यावरच खेकसले, "तानबाई, प्रमाणपत्रांचं खातं तुमचं ना?" माझंच. चाळीसच्या चाळीस नमुने पहिल्या फटक्यात पास करून आणले होते मी. या माणसाला प्रमाणपत्र म्हणजे अजून खोक्यावरचं स्टिकर वाटतं.

१२ मार्च

हुइझोऊला बॅटरीवाल्या गेंगशेटकडे गेले. त्याने सात वेळा चहा ओतला, सात वेळा तेच — "काही बदललं नाही हो, तानबाई. तोच माल, तीच मशिनं, लाइनवरच्या बायकासुद्धा त्याच." चेहरा किती साळसूद! बॅटरीत आग लागू नये म्हणून दोन थरांमध्ये असतो तो आतला पडदा स्वस्तातला घातला असणार. असली माणसं कोळून प्यायलेय मी.

१३ मार्च

आत्ताच्या मालातल्या बारा बॅटऱ्या उघडल्या. पडदा तोच. तांबं तेच. लेप तोच. चोर हुशार आहे.

१४ मार्च

भट्टीची परीक्षा — एकशेतीस अंश, दहा मिनिटं. वीसपैकी तीन फुटल्या. प्रमाणपत्राच्या वेळी याच परीक्षेत चाळीसांतली एकही फुटली नव्हती. म्हणजे बदललंच!

गेंगला बोलावून क्वांग साहेबांसमोर त्याची बिनपाण्याने हजामत केली. मान खाली घालून पुटपुटला, "तेव्हा नमुने तुम्हीच नेले होते, तानबाई. वजनकाटा घेऊन आला होतात." म्हटलं, विषय बदलू नका. सगळं खापर त्याच्यावर फोडून उद्या अमेरिकेला पत्र धाडायचं ठरलं. त्याचं कंत्राट आजच तुटलं. पत्रावर सही माझी.

१५ मार्च

पत्रात नमुन्यांची तारीख हवी, म्हणून जुनी वही काढली. नियम असा की नमुने चालू लाइनवरून, न निवडता उचलायचे. आमच्या धंद्यात सगळेच निवडतात. वहीत माझंच अक्षर — "सहाशेंमधून चाळीस, वजन करून, एकेक पारखून घेतल्या. बाकीच्या परत."

गेंगने काहीच बदललं नव्हतं. अमेरिकेला हवा तो पुरावा माझ्याकडे आहे.