भाकरी येत नाही

आई, यंदा सरकारनं आम्हा दिव्यांग कर्मचाऱ्यांना पुन्हा तपासून घ्यायला लावलं. माझी डावी मूठ जन्मल्यापासून उघडली नाही, ती आता पन्नाशीत काय उघडणार? पण डोळ्यांना दिसतं त्यावर कागदाचा विश्वास नाही. अपंगत्वाचे टक्के चाळिसाच्या खाली गेले असते तर शाळेतली नोकरी गेली असती. म्हणून रेणापूरहून लातूरच्या दवाखान्यात हेलपाटे घातले. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "घरात काय काय करता?" मी तोऱ्यात सांगितलं, "सगळं करते. भाकरीसुद्धा." त्यांनी एक्स-रे काढून पुन्हा यायला सांगितलं. बाहेर आल्यावर तिथला शिपाई हळूच म्हणाला, "बाई, असं सांगतेत का कुठं? येतंय म्हणलं की टक्के घसरतेत. पुढच्या टायमाला येत न्हाई म्हणा."

परतीच्या बसमध्ये तूच डोळ्यांपुढे होतीस. लहानगी मी चुलीपुढे बसलेय, हात पिठात, डोळ्यांत पाणी. परातीतून उचलताना भाकर फाटते. शेजारची काकू म्हणते, "लेकराचे हाल कशाला करतीस?" तू वर न बघता म्हणतेस, "हाल न्हाईत ते. येतंय तिला." आणि मला म्हणतेस, "रडून भाकर गोल व्हती का? खालून मनगट लाव." मी मनगट लावते, आणि भाकर अख्खी तव्यात पडते. पुढं बाजारात कुणी भेटलं की तू सांगायचीस, "ही थोरली, लई पातळ भाकर करती." माझ्या हाताचं तू कुणाला कधी सांगितलं नाहीस. ते सांगायची वेळ नोकरीच्या अर्जानं आणली, आणि तेव्हापासून मी 'अपंगातल्या बाई' झाले.

दुसऱ्या खेपेला वेगळे डॉक्टर होते, भला माणूस. "भाकरी येते का?"

"येत नाही."

"कुणी शिकवली नाही?"

मी म्हणाले, "नाही."

फार लाज वाटली, आई. पण नोकरी राहिली.

घरी आल्यापासून सून मला परातीला हात लावू देत नाही. "मामी, ऱ्हाऊ द्या. कुणी बघून तक्रार केली तर?" सुरुवातीला मी तिच्याशी भांडले. आता भांडत नाही. ती थापते, मी बाजूला बसून चहा पिते. तू असतीस तर हे लिहायची माझी छाती झाली नसती. पण खरं सांगते, मला असं बसून राहणं आवडायला लागलंय.