शेजारचा उंचवटा

१४ मार्च, संध्याकाळ

दादा,

लाईन गेली नव्हती. फोन मीच आपटला. ईमेल केला असता तर तू लगेच उत्तर दिलं असतंस. म्हणून कागदावर लिहिते आहे.

हसत म्हणालास, "अगं ठमे, तो उंचवटा मीच काढला. तुझ्या गणितात नव्हता ना! म्हटलं, नमुन्यात घाण असेल. तुझ्या शोधनिबंधाला उगाच गालबोट कशाला?"

गालबोट!

तुझ्या प्रयोगशाळेत ऑक्साइडच्या चकतीवर क्ष-किरण तू सोडलेस. आलेखात मोठ्या शिखराशेजारी छोटा उंचवटा आला. माझ्या पहिल्या गणितात तो नव्हता, कारण त्यात प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकीच्यांचा फक्त सरासरी धक्का बसतो. गर्दीत कोणी कोणाला ओळखत नाही, तसं. मग मी एकमेकांना चुकवत वावरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं गणित मांडलं. एकाला हलवलं की शेजारचा हलतो. उंचवटा उगवला. आणि तुझ्याकडून आलेला आलेख सपाट! मी माझ्याच गणिताला खोटं ठरवलं. इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना चुकवणं कमी कमी करत नेलं, उंचवटा बुजेपर्यंत.

तू माझ्याकडे बघून पुसलंस, मी तुझ्याकडे बघून. वर दोघांनी लिहिलं, प्रयोग आणि गणित तंतोतंत जुळतात. न जुळून सांगतात कुणाला!

उद्या निबंध छापायला जाईल. त्यावर माझी नोकरी पक्की होणार. तुला ते ठाऊक होतं, म्हणूनच तुझा हात चालला. "तुझ्या भल्यासाठी केलं गं."

हेच वाक्य मी आधी ऐकलं आहे. आईला दवाखान्यात नेलं तेव्हा माझी परीक्षा चालू होती. मी रोज फोन करायचे. "झोपलीये. तू पेपर दे." तुझा आवाज घुमायचा. तिचा खोकला मला ऐकू येऊ नये म्हणून तू दवाखान्याच्या जिन्यात येऊन बोलायचास, हे नंतर कळलं. त्या परीक्षेत मी पहिली आले. पण शेवटचा पेपर देऊन घरी पोचले तेव्हा तिची खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती. तू चहा केलास. मी प्यायले. त्यावर आपण आजतागायत बोललो नाही.

माझ्यापुढचं सगळं स्वच्छ करून ठेवायला तुला कोणी सांगितलं होतं? घाण असेल तर मला घाण दिसू दे. तो खोकला माझाही होता, दादा.

मूळ आलेख पाठव. माझी काळजी न करता.

तुझी, अजूनही तुझीच,
ठमी

१५ मार्च, सकाळ

पाकीट अजून चिकटवलेलं नाही. उठले तर ईमेलमध्ये तुझा मूळ आलेख येऊन पडला होता, न मागता. सोबत एक शब्दही नाही. उंचवटा आहे. संपादकांना दोघांच्या नावानं खरं कारण कळवलं आणि निबंध मागे घेतला.