चौदा हात अन् बेशरमचं कुंपण

६ जुलै

वनितानं आज शिलाई मशीन धानाच्या पोत्याआडून काढली, पुसली, परत तिथंच सरकवली. दुसरी जागा कुठं हाये. पोरगी नवऱ्याचं घर सोडून आली त्याले वरीस झालं. पाहुनी नाही, राहाले आली.

मिस्त्रीले बोलावलं होतं, सांदवाडीत, घरामागच्या मोकळ्या जागेत, एक खोली काढाची म्हून. त्यानं घराच्या मागच्या भिंतीपासून टेप लावला अन् मान हालवली. "मावशी, खोली बसते, पन संडासाकडं जाची वाट नाही उरत. दोन हात कमी पडते."

कमी कसे पडते? पलीकडं देरानीचं, धाकल्या जावेचं, घर, मधात बेशरमच्या झुडपाचं कुंपन. कुंपनाले काय पाय हाये?

७ जुलै

सकाळीच सोता मोजलं. भिंत ते बेशरम, कोपर ते बोट. चौदा हात.

वाटनीच्या दिवशी सासऱ्यानं मोजले तेबी चौदाच. त्याच रेषेवर त्यानं बेशरमचे दांडे रोवले. बकरी तोंड लावत नाही अन् पानी घाला लागत नाही. म्हंजे जागा पुरी हाये, मिस्त्रीचाच टेप खोटा.

देरानी सुमन पानातून डोकावून पाहून राहिली होती.
"काय मोजता बाई?"
"ऊन मोजून राहिली."
गेली. पन लय येळ उभी होती. काहून?

९ जुलै

व.ले सांगितलं, मिस्त्री बदल. हासली. "आई, तुहा हात केवढा!" मंग तिनं मोजलं. बारा हात भरले.

पुन्हा मोज म्हटलं. बाराच.

व. आज्यावर गेली, लंबी. सासरा दारातून वाकून येत होता. ते चौदा हात त्याच्या हाताचे, माह्या आखूड हाताचे नाही. चौथी शिकलेली बाई मी, दोन दिवस डोस्क्यात उजेड पडला नाही. मिस्त्रीचा टेप खरा निघाला. त्याले सांगत नाही.

दोन हात गेले. कुठं गेले ते मले मालूम हाये.

१० जुलै

कुंपनाजवळ बसून पाह्यलं. जुने खुंट मनगटाएवढे जाड. अन् अलीकडं, माह्या आंगाले, पाच नवे फुटवे. करंगळीएवढे. ढेकळावानी गुपचूप बसले.

सु. रोवन्याले निघाली होती, डोस्क्यावर पन्नी. अडवली.
"हे कोनं रोवले वं?"
"बेशरम हाये बाई ते. छाटलं, फेकलं, जिथं पडलं तिथं उगवलं. त्याले कोन इचारते?"
"माह्याच आंगाले काहून पडते?"
"दिवसभर लोकाचे धान रोवून येतो. घरी येऊन तुमच्यात बेशरम रोवाले माही कंबर राह्यते काय?"

कंबर दुखते म्हनते अन् चालते कशी, हरनीवानी. मागून पाह्यलं मी.

१२ जुलै

दोन फांद्या छाटल्या. एक शेनखताजवळ नुसती फेकली. एक कोयत्यानं तिरपी कापून उभी रोवली. पाहू.
व. म्हने, काय करून राहिली? म्हटलं, गुमान शिव तू.

१५ जुलै

सु.नं वाटीभर तरोट्याची भाजी पाठवली. आजपर्यंत कधी नाही पाठवली. आधी मांजरीले देली. मांजर जिवंत हाये. मंग मी खाल्ली. मीठ कमी.

२० जुलै

दोन्ही फांद्या फुटल्या. फेकलेली आडवी पडून कुशीले मुळं सोडते. रोवलेली बुडाले. आता समजलं.

मंग ते पाचही उपटले, धुतले. तीन आडवे. म्हंजे फेकलेले, सु. खरी बोलली. पन दोघाचं बूड तिरपं कापलेलं. कोयत्याचा घाव. सापडली!

हातात घेऊन व.ले दाखवले. तिनं घाव बोटानं चाचपला. मंग हळूच,
"आई, मागच्या साली बकरी घुसली तवा खिंडार कोनं बुजवलं?"
"कोनं?"
"तूच तं बसली होती कोयता घेऊन."

मी माह्याच जागेत कायले रोवीन? बकरी आत होती, घाईत असन... नाही आठवत.

दोन्ही दांडे चुलीत घातले. ओले होते, धूरच झाला नुसता.

२१ जुलै

आनखी एक. सु. दर साली तिच्या आंगाचं बेशरम साफ छाटते. मी छाटतच नाही. पडदा राह्यते, तिच्या घरचे डोकावत नाही म्हून. म्हंजे तिकडून कापलं, इकडून वाढलं. तिनं मुद्दाम काही न करता कुंपन दोन हात इकडं सरकलं असन.
नाही तं हे हेरूनच छाटत असन.

सांजच्याले व. म्हने, "पवनीले खोली पाहून येतो. मशीन तिथंबी चालते." जेवली अर्धी पोळी.
वाद माहा अन् सु.चा. सामान बांधन ते पोरगी.

२३ जुलै

गेली सु.च्या दारात. भांडाचीच तयारी होती, काय काय बोलाचं ते घोकून गेली होती. सासऱ्याचा हात, व.चा हात, सगळं सांगितलं. तिरप्या बुडाचं नाही सांगितलं.

"उद्या बैलाच्या पायानं मोजसान," सु. म्हने. मंग तिनं भाकरी तव्यावरून उतरवली अन् इचारलं, "व. काय पवनीले जाते म्हंते?"
"तुले कोनं सांगितलं?"
"पोरीले जाऊ नका देऊ बाई. तोडा ते बेशरम. नवे दांडे तुमीच रोवा, तुमच्या हातानं. तुमी रोवसान ते कुंपन. मी पाहालेबी नाही येत."

एवढंच. तंडली नाही, रडली नाही. दोन हात जमीन कोनी अशी देते? नक्कीच तिनं चोरली होती. का चोरलीच नव्हती, म्हून देऊन राहिली? भाकरी खाऊन जा म्हने. नाही खाल्ली.

२४ जुलै

मिस्त्रीनं अन् व.नं बेशरम मुळासकट काढलं. दोनी घरं एकमेकाले उघडी पडली. सु. खरंच नाही आली. रोवन्याले गेली, दाराले कडी.

ताजे दांडे कापून मी उभी. व. हात लावून मोजते, "चौदा इथं होते आई, आज्याच्या हाताचे." पन पोरीचा हात म्हंजे आज्याचाच हात हाये का? चार बोटं इकडं झाले तं मी फसली. चार बोटं तिकडं झाले तं चोर मी.

पह्यला दांडा रोवला. मंग उपटला. बोटभर अलीकडं रोवला, तोबी उपटला.
मिस्त्री म्हने, "मावशी, पाया कुठं खोदू?"
उद्या ये म्हटलं. जमिनीत दोन भोकं हाये.