न घातलेलं मीठ

अहो,

भात कुकरमध्ये आहे, ताक फ्रिजमध्ये. कढईतली भाजी आधी चाखा, मग पुढचं वाचा.

खारट लागली ना? मी त्यात मिठाचा कणही घातलेला नाही. टी. नरसीपूरला मित्राकडे मुक्काम केला, तिथे कावेरीकाठी घोळीची ताजी भाजी मिळाली, असं सांगून काल तुम्ही पिशवी हातात दिलीत. तांबूस देठ, जाड पानं, मलाही आधी घोळच वाटली. पण निवडताना पानं लांबट दिसली आणि एका देठाला जांभळट फूल निघालं. घोळीला पिवळं येतं. ही अंगचीच खारट, समुद्राकाठच्या वाळूत पसरते, वेंगुर्ल्याला लहानपणी ढीगभर खुडलीय मी. कावेरीकाठी कुठून येणार ती?

समुद्राकाठी आपली लेक राहते. तिचं नाव या घरात काढायचं नाही, असं तुम्हीच बजावलं होतंत. मी गप्प राहिले आणि तुम्ही परस्पर जाऊन आलात. ही पहिलीच खेप, की दर वेळचा नरसीपूरचा मुक्काम तिथेच असायचा, ते परत आल्यावर विचारणार आहे.

तुम्ही घोळ समजून आणलीत. पण अदितीला दोन्हींतला फरक कळतो, मीच शिकवलाय. तिनं ती तुम्हाला नव्हे, मला पाठवली.

उडुपीच्या बसनं तिच्याकडे निघालेय. सकाळी बाजारातून खरी घोळ आणली होती, ती तुमच्याच पिशवीतून नेतेय.

मृदुला